वस्तरा निळा करायचाय? गॅसवर धरू नका!
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जुना वस्तरा घेतला असेल तर आधी बघा कार्बन स्टीलचा आहे ना, स्टेनलेसवर कोल्ड ब्लू (गरम न करता निळा रंग चढवणारं केमिकल सोल्यूशन) चढत नाही. गरम करून निळा करायला जवळपास ३०० डिग्री लागतात, तेवढ्यात पात्याचं पाणीच उतरतं, मग धार टिकत नाही, म्हणून कोल्ड ब्लूच बरं. गंज काढून बारीक पॉलिश पेपर मारा, अ‍ॅसिटोनने पुसा, आता बोट लावायचं नाही हां, नायतर डाग पडतात. ग्लोव्ह्ज घालून कापसाने सोल्यूशन लावा, मिनिटभराने धुवा, कोरडं करा, रंग फिका वाटला तर परत. धार शेवटी दगडावर लावा. नुसत्या निळ्या रंगाने गोव्याच्या पावसात गंज थांबत नाही, शिलाई मशीनचं तेल हवंच.