जमिनीच्या तंट्यावरील गावबैठकीची पूर्वतयारी : उत्तर युगांडातील अपंग स्त्रियांसाठी

उत्तर युगांडाच्या अचोली भागात सरकारी फौजा आणि लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही बंडखोर संघटना यांच्यातले युद्ध सुमारे वीस वर्षे चालले. ऑगस्ट २००६ मध्ये शस्त्रसंधी झाल्यावर विस्थापितांच्या छावण्यांत वर्षानुवर्षे डांबलेली माणसे हळूहळू गावी परतली. पण जुन्या हद्दी ठाऊक असलेले अनेक वडीलधारे तोवर वारले होते, त्यामुळे तिथे शांतता टिकवणे म्हणजे बहुतेक वेळा जमिनीचे तंटे मिटवणेच असते. अशा तंट्यावरील बैठकीत सुरुंगाने पाय गेलेल्या, अंध किंवा कर्णबधिर स्त्रीला आपले म्हणणे मांडता यावे, यासाठी कार्यकर्त्यांनी पुढील तयारी करावी.

बैठकीचा दिवस आणि विषय ठरण्याआधी घरोघर जावे. गावप्रमुखाच्या यादीवर विसंबू नये, कारण छावण्या रिकाम्या होताना ज्यांना स्वतःची झोपडी उभारता येत नव्हती अशा कित्येक अपंग स्त्रिया मागेच राहिल्या आणि त्यांची नावे यादीत असतीलच असे नाही. युगांडाच्या १९९७ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार जिल्हा आणि सब-काउंटी (जिल्ह्याखालचा विभाग) परिषदांत दोन अपंग प्रतिनिधी असतात व त्यांपैकी एक स्त्री असावी लागते. त्या प्रतिनिधीला पाहुणी म्हणून नव्हे, तर तयारीतच सामील करून घ्यावे.

जागा आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी. विशेषतः शौचालय आत जाऊन पाहावे, कारण जी स्त्री हातांवर सरकत चालते तिला त्याच ओल्या जमिनीवर तळवे टेकावे लागतात, आणि या एका कारणासाठीही ती घरीच राहू शकते. बोडा-बोडाचे, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलचे पैसे तिला आणि तिच्या सोबतिणीला आधीच द्यावेत. अंध स्त्रीला कोण कुठे बसले आहे ते सुरुवातीलाच सांगावे, आणि मध्येच कुणी आले किंवा उठून गेले तर तेही सांगावे.

दुभाष्याची निवड सर्वांत जास्त विचार करून करावी. खेड्यातील बऱ्याच कर्णबधिर स्त्रिया शाळेत गेलेल्या नसतात, त्यामुळे शहरातून आणलेल्या सांकेतिक भाषेच्या जाणकाराचा त्यांना फारसा उपयोग होत नाही. त्यांच्या खुणा घरच्यांनाच कळतात. मात्र तिच्या खुणा समजणारा भाऊ किंवा दीर हाच त्या जमिनीवर हक्क सांगणारा असू शकतो, आणि मग तिच्या तोंडी त्याचेच म्हणणे येते. म्हणून बैठकीच्या आधी काही दिवस तिच्या घरी बसून, तंट्याशी संबंध नसलेली एखादी शेजारीण किंवा मैत्रीण शोधावी आणि तिघींनी मिळून शेत, हद्द, विहीर, कबर या गोष्टींच्या खुणा पक्क्या करून ठेवाव्यात.

हद्द पाहायला मंडळी शेतात निघतात तेव्हा जिला चालता येत नाही ती झाडाखालीच राहते, आणि निर्णय तर बांधावरच होऊन जातो. माझ्या मते एवढ्याने आधीचे सारे श्रम वाया जातात. तिला तिथवर नेण्याची सोय आधी करावी. ती होत नसेल तर हद्दीची पाहणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी.

युद्धात किंवा छावणीत झालेल्या बलात्काराबद्दल भर बैठकीत विचारू नये. तिला सांगायचेच असेल तर वेगळी जागा आणि विश्वासाची स्त्री आधीच ठरवावी. ‘मातो ओपुट’ हा अचोलींचा कडू मुळीचा रस पिण्याचा समेटाचा विधी मुख्यतः कुळाकुळांतील हत्येसाठी आहे, तेव्हा त्यातून या अत्याचाराचेही निवारण होईल असे आश्वासन तिला देऊ नये.

निर्णय अचोली भाषेत लिहून मोठ्याने वाचावा आणि त्याची प्रत तिच्या भावाच्या नव्हे, तिच्याच हातात द्यावी. पेरणीच्या दिवसांत पुन्हा त्या गावी जावे आणि तिच्या वाट्याच्या शेतात कोण पेरणी करत आहे, ते प्रत्यक्ष पाहून यावे.