मल्लखांब, अंधार आणि आठ चमका

शिवाजी पार्कजवळच्या एका व्यायामशाळेत मी स्ट्रोब फ्लॅशने, म्हणजे एकाच फ्रेममध्ये ठरावीक वेगाने अनेकदा उडणाऱ्या फ्लॅशने, पहिला रोल काढला. निगेटिव्हवर मल्लखांब कोळशासारखा दाट आणि खेळाडूचे पाय जेमतेम दिसणारे. प्रिंट केल्यावर खांब पांढराफटक. फिल्मवर हे शिकायचं असेल, तर तो रोल का बिघडला, एवढं आधी समजून घ्या.

साधी अढी (पायांनी खांबाला धरण्याची पकड) घालताना पाय खालून वर फिरतात. फ्लॅश आठ वेळा उडाला की पाय आठ जागी असतात, त्यामुळे प्रत्येक जागी एकाच चमकेचा उजेड पोचतो. खांब मात्र हलत नाही. त्याच्यावर आठही चमका साठतात, म्हणजे तब्बल तीन स्टॉप जास्त (दर स्टॉपला उजेड दुप्पट). त्यात एरंडेल तेल चोळलेलं लाकूड चकाकतं. मी आठ चमकांच्या धास्तीने ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) दोन स्टॉप बंद केलं होतं. खांब तरीही जळला आणि पाय हरवले.

हिशेब एका चमकेचाच करायचा. फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला अंतराने भागलं की ॲपर्चर मिळतं) १०० आयएसओला, मीटरमध्ये, ४० असेल तर १/१६ पॉवरला तो १० होतो, ४०० आयएसओच्या फिल्मवर २०. फ्लॅश अडीच मीटरवर असेल तर एफ ८. पॉवर कमी ठेवावीच लागते, कारण दोन चमकांच्या मधे कपॅसिटर (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) भरायला वेळ नसतो.

खांबाचं काय? फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून पाय ज्या बाजूने फिरतात त्या बाजूला लावला आणि खांबावर पडणारा उजेड काळ्या पुठ्ठ्याने अडवला. पुठ्ठा बोटभर सरकला तरी फरक पडतो, त्यामुळे अर्धी संध्याकाळ त्यातच गेली, आणि ती सत्कारणी लागली असं मी मानतो. मागे काळं मखमली कापड हवं; भिंतही तशीच उजळत जाते. अमेरिकी अभियंते हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात एमआयटी या तिथल्या संस्थेत स्ट्रोबने हालचाल टिपली, त्या चित्रांतली काळी पार्श्वभूमी मला तेव्हा कुठे नीट कळली.

शटरचा वेळ म्हणजे चमकांची संख्या भागिले हर्ट्झ (सेकंदाला किती चमका). अढीला साधारण एक सेकंद लागतो, म्हणून ८ हर्ट्झ, ८ चमका, एक सेकंद. पाय एकमेकांवर चढू लागले तर ५ हर्ट्झ, ५ चमका करून पाहा. मला तेच जास्त आवडतं, प्रत्येक पाऊल सुटं वाचता येतं आणि खांबही कमी उजळतो. शटर सेकंदभर उघडं असतं, त्यामुळे खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही फिल्मवर उतरतो. पडदे लावा आणि हातातल्या मीटरने तपासा: खोलीतला उजेड तुमच्या सेटिंगपेक्षा किमान चार स्टॉप कमी हवा.

अंधारात कुणालाही खांबावरून उडी मारायला लावू नका. खाली गादी, शेजारी वस्ताद, आणि फ्लॅश खेळाडूच्या डोळ्यांत कधीच नाही. लुकलुकत्या उजेडाने कुणाला फिट येण्याचा त्रास आहे का, हे आधी विचारा.

बोरा बझारात जुना फ्लॅश घेणार असाल तर त्याला स्ट्रोब मोड आहे का, हे दुकानातच उडवून बघा. आणि प्रत्येक फ्रेमचे हर्ट्झ, चमका, पॉवर, ॲपर्चर वहीत लिहा. रोल धुऊन येईपर्यंत त्यातलं काहीही आठवत नाही.