रणगाड्याच्या मॉडेलवर ठळक कॅमोफ्लाज रंगवताना या चुका टाळा

एकरंगी रणगाडा रंगवताना हात थोडा चुकला, तर ती चूक धूळ, गंज आणि चिखलाखाली झाकता येते. कॅमोफ्लाजमध्ये, म्हणजे शत्रूच्या नजरेला चकवण्यासाठी दिलेल्या रंगांत, दोन किंवा तीन रंगांचे ठळक पट्टे एकमेकांना भिडतात, तेव्हा मात्र त्यांच्यामधली कड उघडी पडते आणि पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. इंदुरात रामबागेतल्या घराच्या गच्चीवरील खोलीत मी 1/35 प्रमाणातील रणगाडे रंगवतो. बिघडलेली मॉडेले कपाटातून काढून ओळीने मांडली, तर रंगाची छटा चुकल्यामुळे बिघडलेली त्यांत थोडी आणि कड चुकल्यामुळे बिघडलेली पुष्कळ निघतात, म्हणून या लेखातही कडेलाच अधिक जागा दिली आहे.

मूळ रणगाड्यावरची कड न पाहता सुरुवात करणे

सर्वांत मोठी चूक रंगाची बाटली उघडण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. फेब्रुवारी 1943 च्या आदेशानंतर जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग गडद पिवळा झाला आणि त्यावरचे ऑलिव्ह हिरवा व तांबूस तपकिरी हे रंग घट्ट लगद्याच्या रूपात तुकड्यांना पुरवले जाऊ लागले. रणगाड्यावरचे सैनिक तो लगदा पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात पातळ करून फवारत, आणि फवारणीचे साधन हाताशी नसेल तर ब्रशने लावत. त्यामुळे एकाच प्रकारच्या दोन रणगाड्यांपैकी एकावर कड धूसर, तर दुसऱ्यावर ठाम दिसू शकते. याउलट 1980 च्या दशकात बर्लिनमध्ये तैनात असलेल्या ब्रिटिश चीफटन रणगाड्यांवर पांढरा, तपकिरी आणि करडा या रंगांचे मोठे चौकोनी ठोकळे होते. तिथे कड सरळ आणि स्वच्छ नसेल, तर ते कॅमोफ्लाज ओळखूच येत नाही.

धूसर कड हवी असली, तरी ती किती धूसर असावी याचा हिशेब प्रमाणातच करावा लागतो. 1/35 मध्ये मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावरचे साडेतीन सेंटिमीटर. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन) लांब धरल्यामुळे कड पाच मिलिमीटर पसरली, तर ती खऱ्या पत्र्यावर साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर रुंद झाली, आणि मग पट्ट्यांऐवजी ओल आलेल्या भिंतीवरचे डाग दिसू लागतात. फवारलेल्या जर्मन नमुन्यांसाठी दीड-दोन मिलिमीटरच्या पलीकडे मी जात नाही.

ठाम कडेचे उत्तम उदाहरण म्हणजे उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश रणगाड्यांवरची 1940-41 मधील कॉन्टर योजना. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत तीन रंगांचे तिरके, सरळ रेषांनी कापलेले पट्टे रणगाड्याचा आकार फोडून टाकतात. आपल्या वाचकांना या रणगाड्यांबद्दल जिव्हाळा वाटण्याचे आणखी एक कारण आहे. 9 डिसेंबर 1940 रोजी सिदी बारानीजवळच्या निबेइवा छावणीवर मटिल्डा रणगाड्यांनी हल्ला केला, तेव्हा त्यांच्याबरोबर चौथ्या भारतीय डिव्हिजनचे पायदळ होते. पुढील विवेचनात मी मुख्यतः मटिल्डाचेच उदाहरण घेतो, कारण ठळक कॅमोफ्लाजमध्ये होऊ शकणाऱ्या बहुतेक सर्व चुका या एका मॉडेलवर मी स्वतः केल्या आहेत.

निळ्या मटिल्डाची गोष्ट

कॉन्टर योजनेतील मधला रंग सिल्व्हर ग्रे या नावाचा होता आणि तो प्रत्यक्षात हिरवट करडा होता. मूळ रंग फिकट दगडी आणि सर्वांत गडद रंग पाटीसारखा स्लेट. अनेक वर्षे मॉडेलकारांनी मधला रंग चक्क आकाशी निळा लावला आणि माझा पहिला मटिल्डाही एका जुन्या सूचनापत्रकावर विसंबून तसाच निळा झाला. कृष्णधवल छायाचित्रांवरून छटा ठरवण्याचा मोह टाळावा, कारण त्या काळच्या वेगवेगळ्या फिल्म एकच रंग वेगवेगळ्या गडदपणाने दाखवतात. छायाचित्रावरून पट्ट्यांचा आकार आणि जागा घ्यावी, रंग मात्र नोंदींवरून घ्यावा.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर पाहावी. डावी आणि उजवी बाजू ही एकमेकींची आरशातील प्रतिमा नसते. एका बाजूचे छायाचित्र पाहून दुसरी बाजू उलटवून रंगवणे ही इतकी सर्रास होणारी चूक आहे, की प्रदर्शनातील मॉडेलसुद्धा मी आता दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

पायाच कच्चा राहणे

टेप काढताना खालचा रंग उपटून येतो, तेव्हा दोष बहुधा टेपाला दिला जातो. खरे कारण त्याआधीचे असते. साच्यातून सुटे भाग सुटावेत म्हणून लावलेल्या द्रव्याचा आणि आपल्या बोटांच्या तेलाचा थर प्लॅस्टिकवर राहतो. भांडी घासण्याच्या द्रवाचे चार थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात मॉडेल धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर प्रायमरचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या अस्तराचा, पातळ थर द्यावा आणि तो चोवीस तास राहू द्यावा. धातूचे पातळ कोरीव भाग वापरले असतील, तर प्रायमर टाळण्याचा प्रश्नच येत नाही. मूळ रंगालाही रात्रभर वेळ द्यावा.

टेपाशी संबंधित चुका

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा मास्किंग टेप दारे-खिडक्या रंगवणाऱ्यांसाठी असतो. त्याचा गोंद जाड आणि कागद खरबरीत असल्यामुळे मॉडेलवर त्याची कड कधीच स्वच्छ येत नाही. मॉडेलसाठी बनवलेला पातळ जपानी कागदाचा पिवळा टेप महाग वाटला, तरी तोच घ्यावा. तोही थेट न लावता आधी हाताच्या मागच्या बाजूवर एकदा चिकटवून काढावा, म्हणजे त्याचा चिकटपणा उतरतो. टेपाच्या कारखान्यात कापलेल्या कडेवर धूळ बसलेली असते. काचेवर लावून धारदार पात्याने दीड-दोन मिलिमीटरची पट्टी नव्याने कापली, की रेषेतील फरक लगेच दिसतो.

मटिल्डाची खरी परीक्षा तिच्या बाजूच्या चिलखती झालरीवर होते. तिथे चिखल गळण्यासाठी तिरक्या खिडक्या आहेत, वर मडगार्ड आहे, त्याच्या आत टरेटचा, म्हणजे तोफ असलेल्या फिरत्या बुरुजाचा, गोलावा आहे, आणि कॉन्टरची एकच सरळ रेषा या सगळ्यांवरून जाते. एकच लांब टेप ताणून लावला, तर तो उंच भागांना चिकटतो आणि खोलगट भागांवर तंबूसारखा उभा राहतो; त्या पोकळीतून रंग आत शिरतो. म्हणून प्रत्येक पातळीवर टेपाचा वेगळा लहान तुकडा लावावा. रेषा जुळली की नाही, हे पाहण्यासाठी टरेट तोफ पुढे ठेवून जागेवर बसवावे, मॉडेलपासून हातभर दूर एक दोरा ताणून धरावा आणि एक डोळा मिटून तुकड्यांच्या कडा त्या दोऱ्यामागे एका रेषेत येतात का, हे पाहावे. मॉडेलची लांबी सुमारे 16 सेंटिमीटरच असल्यामुळे एक मिलिमीटरची चूकसुद्धा रेषा मोडल्यासारखी दिसते. टरेट काढून वेगळे रंगवण्याची सोय मोठी आहे, पण त्याची जागा पेन्सिलीने खुणावून न ठेवता ते काढले, तर पुढे रेषा जुळत नाही.

टेप लावून झाला की सरळ दुसरा रंग फवारणे, ही पुढची चूक. आधी खालचाच, म्हणजे मूळ दगडी रंग टेपाच्या कडेवर हलकासा फवारावा. फटीतून जे काही झिरपायचे असेल, ते त्याच रंगाचे झिरपते आणि फट बंद होते. मग दुसरा रंग टेपाकडून मोकळ्या भागाकडे, पातळ थरांत फवारावा. फवारा टेपाच्या कडेखाली जाईल असा तिरका धरू नये. शेवटचा थर हाताला न चिकटण्याइतका वाळला, की टेप स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर, सावकाश ओढावा. रात्रभर ठेवलेला टेप सकाळी काढला, तर रंगाचा थर कडेवर तुटतो आणि दातेरी रेषा उरते.

एवढे करूनही बिघडले, तर उपाय आहेत. कडेवर रंगाची वरंबी उभी राहिली असेल, तर दोन दिवसांनी 2000 नंबरच्या पॉलिश पेपराने पाणी लावून ती बेताने घासावी. झिरपलेले डाग लहान असतील, तर मूळ रंग पातळ करून बारीक ब्रशने पुसट करावेत. मोठे असतील, तर दुसऱ्या बाजूने टेप लावून मूळ रंगच पुन्हा फवारणे कमी वेळाचे काम ठरते. रंग प्लॅस्टिकपर्यंत उपटला असेल, तर त्या खड्ड्याच्या कडा घासून उतरत्या कराव्यात, तेवढ्याच जागी प्रायमर द्यावा आणि मगच रंग द्यावा. तशाच खड्ड्यावर रंग भरला, तर त्याची सीमारेषा शेवटपर्यंत दिसत राहते.

धूसर कडेसाठी भिंतीवर पोस्टर चिकटवण्याच्या पुट्टीच्या बारीक वळ्या करून त्या नमुन्याच्या सीमेवर ठेवाव्यात. वळी गोल असल्यामुळे तिच्या पोटाखाली थोडा फवारा शिरतो आणि कड किंचित मऊ होते. मात्र फवारा सरळ वरून यायला हवा. वळी चेपून बसवली की हा फायदा जातो.

इंदूरची हवा आणि एअरब्रश

मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना अॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो, आणि जो सुटतो तो मॉडेलपर्यंत पोहोचेपर्यंत अर्धा सुकून वाळूसारखा बसतो. अशा वेळी कॉम्प्रेसरचा दाब वाढवण्याकडे हात वळतो, पण त्याने खरबरीतपणा वाढतोच. 0.3 मिलिमीटरची सुई, 15 पीएसआयच्या आसपास दाब, एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, त्यात रंग सावकाश वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन-तीन थेंब आणि मॉडेलपासून पाच-सहा सेंटिमीटर अंतर, एवढ्यावर मी काम सुरू करतो. शक्यतो सकाळी सात वाजता. रंगाने कोळ्याच्या जाळ्यासारखे पाय फोडले, तर तो फार पातळ आहे किंवा ट्रिगर जास्त ओढला गेला आहे, असे समजावे. जुलै-ऑगस्टमध्ये प्रश्न उलटा होतो: नळीत पाणी साचते आणि फवाऱ्याबरोबर थेंब उडतात. पाणी अडवणारा फिल्टर नसेल, तर पावसाळ्यात एअरब्रश बाहेर काढू नये.

रंगाच्या चाचणीसाठी पूर्वी प्लॅस्टिकचे चमचे उत्तम असत. 2022 पासून त्यांच्यावर बंदी आली आणि स्वच्छतेचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या शहरात ते मागणेही अवघड झाले. किटमधील सुटे भाग कापून उरलेल्या चौकटीवर प्रायमर देऊन चाचणी केली, तरी काम भागते.

ज्यांच्याकडे एअरब्रश नाही, त्यांनी तामियाचे अॅक्रिलिक रंग ब्रशने लावू नयेत, कारण दुसरा थर देताना ते खालचा थर पुन्हा विरघळवतात. व्हालेहोसारखे पाण्यात मिसळणारे रंग दोन-तीन पातळ थरांत लावावेत. कॉन्टरसारख्या ठाम नमुन्याला ब्रश मुळीच कमी पडत नाही.

रंग झाल्यावरचे बिघाड

तिन्ही रंग नीट उतरल्यावर संपूर्ण मॉडेलवर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ केलेला रंग) फासणे म्हणजे एवढ्या कष्टाने मिळवलेला ठळकपणा घालवणे होय. आधी चकाकी देणारे वार्निश द्यावे, त्यावर डिकल (चिकटवायची छापील चिन्हे) लावावेत, आणि गडद तपकिरी इनॅमल वॉश फक्त सांध्यांत व रिव्हेटांभोवती बारीक ब्रशने सोडावा. खरखरीत मॅट पृष्ठभागावर डिकल लावला, तर त्याच्या खाली हवा अडकून तो चंदेरी दिसतो. स्लेट रंग लहान मॉडेलवर काळाच भासतो. त्यात पांढरा न घालता मूळ दगडी रंगाचाच एक दशांश भाग मिसळला, तर तो उजळतो आणि इतर दोन रंगांशी जुळतोही.

मॅट वार्निश हा शेवटचा थर सर्वांत दगाबाज. दमट हवेत ते फवारले, की द्रावक उडताना थंडावलेल्या पृष्ठभागावर बाष्प जमते आणि गडद पट्ट्यांवर पांढुरके धुके उतरते. तसे झाले तर घासाघीस करू नये. कोरड्या दिवशी चकाकीच्या वार्निशाचा ओलसर थर दिला, तर बहुतेक वेळा धुके विरते, आणि त्यावर मॅट पुन्हा देता येते. माझा सध्याचा मटिल्डा ऑगस्टमध्ये रंगवून झाला होता, तरी तो दसरा उलटेपर्यंत तसाच चकचकीत अवस्थेत कपाटात उभा ठेवला होता.