खड्डा बुजवला, पण पहिल्याच पावसात उखडला? रस्तेदुरुस्तीतल्या या चुका टाळा

मेच्या शेवटच्या आठवड्यात एकीकडे केबलचे चर बुजवण्याची घाई, दुसरीकडे रात्रीतून डांबर टाकण्याची. ठाणे-नवी मुंबईत देखभालीची पहिली चूक ही वेळेचीच असते. इथे वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे रस्त्याचे वर्ष ऑक्टोबरला सुरू झाले पाहिजे. पाऊस उघडला की पाहणी, थंडीत भेगा आणि काँक्रीटचे सांधे, फेब्रुवारी ते एप्रिल डांबरी थर. मे महिना गटारांसाठी ठेवावा. या क्रमाला खरे कारण आहे. थंडीत भेगा आणि सांधे रुंदावलेले असतात, तेव्हा भरलेले सीलंट (भेग बुजवायचे लवचीक मिश्रण) उन्हाळ्यात दाबले जाते. भर उन्हाळ्यात भरलेले मात्र थंडीत ताणले जाऊन कडेने सुटते आणि पुढच्या पावसाला वाट मोकळी होते.

सगळ्या भेगांवर एकच इलाज

केसाएवढ्या भेगांना इमल्शनचा (पाण्यात मिसळलेल्या डांबराचा) पातळ फवारा किंवा स्लरी सील, म्हणजे इमल्शन आणि बारीक खडीचा पातळ लेप, पुरते. ३ मिलिमीटरपेक्षा रुंद भेग कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करून, कोरडी असतानाच रबरमिश्रित सीलंटने भरायची. मगरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल, तर मात्र वरून काहीही ओतून उपयोग नाही. खालचा थर हललेला असतो.

पडताळणी सोपी आहे. पाऊस थांबल्यावर जाळीच्या कडा बघा. तिथे फिकट राखाडी गाळाची रेघ दिसली, तर चाकांच्या दाबाने खडीतला बारीक माल पाण्याबरोबर वर येतो आहे. तेवढा भाग कापून, पक्का थर लागेपर्यंत खाली जाऊन पुन्हा बांधावाच लागतो. अशा ठिकाणी मायक्रोसरफेसिंग (इमल्शन आणि बारीक खडीचा पातळ वरचा थर) करून फोटो छान येतात. पण तो थर ६ ते ८ मिलिमीटरचा, तो पाणी अडवतो आणि घसरण कमी करतो, रस्त्याला ताकद देत नाही. जाळी पुन्हा वर दिसायला फार वेळ लागत नाही.

खड्डा भरण्याची घाई

बहुतेक खड्डे कडेपासून उखडतात, कारण कडा कापलेलीच नसते. गोलसर, भुसभुशीत काठावर नवा माल चिकटत नाही. खड्ड्याबाहेरचा शाबूत डांबराचा भाग धरून चौकोन आखा, कटरने कडा उभ्या कापा, सुटा माल काढा, पाणी उपसा, तळ कोरडा करा. मग टॅक कोट, म्हणजे नवा माल चिकटावा म्हणून इमल्शनचा पातळ हात, आणि तो बाजूंनाही.

टॅक कोटमध्ये दोन चुका नेमाने होतात. पहिली म्हणजे प्रमाणाची. जुन्या डांबरी पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो इमल्शन पुरते. ६० बाय ६० सेंटिमीटर, ५ सेंटिमीटर खोल खड्ड्याला बाजू धरून साधारण १२० ग्रॅम. डब्याने ओतले की जास्तीचे डांबर उन्हात वर येते आणि तो तुकडा चाकांखाली सरकतो. दुसरी चूक रंगाची: इमल्शन तपकिरी असते, त्यातले पाणी सुटले की काळे पडते. तपकिरीवरच माल टाकला, तर पाणी आत कोंडते. काळे होईपर्यंत थांबणे हे काम करवून घेणाऱ्या सुपरवायझरनेच बघायला हवे. मजुराला ट्रक रिकामा करायची घाई असते.

मालाचा हिशेबही आधीच करा. वरच्याच खड्ड्याला दाबून बसवल्यावर सुमारे ४० किलो माल लागतो, म्हणजे कोल्ड मिक्सची (गरम न करता वापरायच्या तयार डांबरी मालाची) २५ किलोची दोन पोती. एका पोत्यात भागवले तर तिथे खोलगट राहते आणि पाणी साचते. ७५ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा एका दमात भरू नका. थर पाडा, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. फावड्याची पाठ मारणे म्हणजे दाबणे नव्हे. शेवटचा थर रस्त्यापेक्षा किंचित वर ठेवा, वाहतूक तो बसवते.

गरम मालाचा थर्मामीटर खिशात असू द्या. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवा आणि रोलिंग ९० अंशांच्या खाली जाण्याआधी संपले पाहिजे. घोडबंदर रोडच्या कोंडीत डंपर अडकला, तर ताडपत्री असूनही माल गार होतो. असा माल परत पाठवा.

पावसाळ्यात कोल्ड मिक्स, किंवा पाऊस उघडला असताना मास्टिक (गरम ओतून पसरायचे घट्ट डांबरी मिश्रण) वापरतात. पेव्हर ब्लॉक डांबरी रस्त्याच्या खड्ड्यात बसवणे हा सर्वांत वाईट उपाय. ब्लॉकला चारही बाजूंनी घट्ट कडा आणि खाली निचरा लागतो, खड्ड्यात दोन्ही नसते. जड वाहनांनी ते हलतात आणि सांध्यातून पाणी थेट रस्त्याच्या खालच्या थरात जाते.

काँक्रीटला देखभाल लागत नाही हा समज

ठाणे-बेलापूर रोडसारख्या काँक्रीट रस्त्यावर मुख्य काम सांध्यांचे. सीलंट सुटले की पाणी स्लॅबखाली जाते, कंटेनर गेला की गाळासह उसळते, हळूहळू खाली पोकळी होते आणि कोपरा तुटतो. सांध्यात साधे डांबर ओतू नका. ते उन्हात पातळ होते, त्यात खडे रुततात आणि स्लॅब फुगला की कडा फुटतात. जुने सीलंट खरवडून काढा, वायर ब्रश आणि हवेने खाच साफ करा, बॅकर रॉड (सीलंटखाली खाचेत दाबायची फोमची दोरी) बसवा आणि सीलंट पृष्ठभागाच्या सुमारे ३ मिलिमीटर खाली ठेवा. सायन-पनवेल महामार्गासारख्या रस्त्यावर जिथे काँक्रीट संपून डांबर सुरू होते, ती रेघ दर पाहणीत वेगळी तपासा. फुटायला सुरुवात बहुधा तिथेच होते.

पाणी कुठून येते हे न बघणे

एकाच जागी तिसऱ्यांदा खड्डा पडला, तर डांबराला दोष देणे थांबवा. डांबरी रस्त्याचा आडवा उतार इथल्या पावसाला २.५ टक्के हवा, म्हणजे ३.५ मीटरच्या लेनमध्ये जवळपास ९ सेंटिमीटर. मातीची साइडपट्टी त्याहून जास्त उताराची हवी. प्रत्यक्षात ती गाळ साचून उंच झालेली असते आणि पाणी लेनमध्येच थांबते. घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटात डोंगराकडचे गटार तुंबले की पाणी रस्ता ओलांडून वाहते. तिथे कितीही थर टाका, उपाय गटारातच आहे. नवी मुंबईत खाडीला भरती असताना पाणी बाहेर जात नाही, म्हणून धारण तलावांचे (पावसाचे पाणी तात्पुरते साठवणाऱ्या तलावांचे) झडपदरवाजे एप्रिलमध्येच उघडझाप करून बघावेत. आणि नाल्यातून काढलेला गाळ काठावर वाळत ठेवू नका. पहिल्या सरीला तो परत आत जातो.

चर बुजवताना १५० ते २०० मिलिमीटरचे थर करून दाबा, आणि वरचे डांबर चराच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर जास्त कापून घाला, म्हणजे सांधा चराच्या कडेवर येत नाही. नवा थर टाकण्याआधी जुना मिलिंगने (यंत्राने खरवडून) काढा. नाहीतर रस्ता सोसायटीच्या फाटकापेक्षा उंच होतो आणि चेंबर खड्ड्यात जातात. चेंबरच्या झाकणाची चौकट थर टाकण्याच्या आधी उचलून नव्या पातळीला काँक्रीटमध्ये बसवायची असते. नंतर भोवती डांबर कापून उचलली, तर तिच्याभोवतीची पट्टी पावसात सर्वांत आधी निघते.