सत्र सुरू होण्यापूर्वी : पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी तयारीची यादी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाली आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाचे स्वरूप बदलले. तासाला जाण्याआधी काय काय हाताशी असावे, याची ही यादी मी नाशिक जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवताना करत आणली आहे. विषय वेगळा असला तरी यातली बरीचशी कामे लागू पडावीत.

पहिले काम दिनदर्शिकेचे आहे. तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 15 तास, म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला 30 तास, हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. परंतु लांबलेले प्रवेश, गणेशोत्सव, नवरात्र, चाचण्यांचा आठवडा आणि युवक महोत्सवाच्या तालमी वजा केल्या की माझ्या हाती 24-25 तासच उरतात. वेळापत्रकातली तासिका 60 मिनिटांची आहे की जुन्या पद्धतीप्रमाणे 48 मिनिटांची, हेही पाहून घ्यावे, कारण 48 मिनिटांच्या 30 तासिका घड्याळाप्रमाणे 24 तासच होतात. म्हणून अध्यापन योजना 30 तासांची सादर करावी लागली तरी स्वतःच्या टाचणवहीत 24 तासांची योजना करावी आणि सर्वांत अवघड घटक सत्राच्या मध्यावर येईल असे पाहावे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे केले नाही. व्याख्यांवरच पाच आठवडे गेले आणि बाजाररचनेचा संपूर्ण घटक शेवटच्या तीन तासांत उरकावा लागला; त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत मक्तेदारी आणि मक्तेदारीयुक्त स्पर्धा यांची जी सरमिसळ आढळली, तिचे श्रेय माझ्याकडेच जाते.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे एकूण 30 तासांचे अध्ययन धरलेले आहे. म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला एकूण 60 तास होतात; वर्गातल्या 30 तासांइतकेच तास विद्यार्थ्याने वर्गाबाहेर अभ्यास करणे अपेक्षित आहे, आणि त्या तासांची आखणी बहुधा कोणीच करत नाही. ती करण्यासाठी समोर कोण बसणार आहे ते ठाऊक हवे. पहिल्याच आठवड्यात एक साधा कागद भरून घ्यावा : गाव कोणते, येण्याजाण्यास किती वेळ लागतो, परतीची एस. टी. किती वाजता आहे, बारावी कोणत्या शाखेतून आणि कोणत्या माध्यमातून झाली, कमवा व शिका योजनेत किंवा बाहेर काम करता का, आणि मोबाईल स्वतःचा आहे की घरातल्या कोणाचा. दीडची बस गाठणाऱ्या विद्यार्थ्याला ‘दुपारी ग्रंथालयात बसून वाचा’ असे सांगण्याला काही अर्थ नाही; त्याला बसमध्ये वाचता येतील अशी चार पाने द्यावीत. ओपन इलेक्टिव्हचा विषय स्वतःच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असल्याने त्या वर्गात विज्ञान शाखेची मुलेही असतात, त्यामुळे बारावीचे अर्थशास्त्र तेथे गृहीत धरू नये.

यानंतरचे काम परिभाषेचे आहे आणि सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा, असे माझे मत आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला संदर्भग्रंथांत इंग्रजी संज्ञा भेटतात, तर उत्तर मराठीत लिहायचे असते. प्रत्येक घटकासाठी वीस-पंचवीस संज्ञांचा एक कागद करावा. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश त्यासाठी उपयोगी पडतात. मात्र कोशातला शब्द दिल्याने संकल्पना पोहोचत नाही, म्हणून प्रत्येक संज्ञेला विद्यार्थ्यांच्या अनुभवातले एक उदाहरण आधीच शोधून, आकडे मांडून ठेवावे. मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की त्या प्रमाणात मागणी किती बदलते, हे मी लासलगावच्या कांद्यावरून शिकवतो. भाव किलोला 20 रुपयांवरून 15 रुपयांवर आला आणि खप 100 क्विंटलवरून जेमतेम 105 क्विंटलवर गेला, असे समजायचे. भावात 25 टक्के घट, मागणीत 5 टक्के वाढ, म्हणजे लवचिकता 0.2. एकूण विक्री 2,00,000 रुपयांवरून 1,57,500 रुपयांवर येते. हे आकडे फळ्यावर आले की मागच्या बाकावरचा, ज्याच्या घरचा कांदा त्याच आठवड्यात बाजार समितीत गेलेला असतो, तो मुलगा आपणहून सांगतो की आवक वाढली की पट्टी, म्हणजे विक्रीचे हाती पडणारे पैसे, कमी का येते. हे उदाहरण आयत्या वेळी सुचत नाही आणि सुचले तरी फळ्यावर गणित चुकते.

टिपणे देण्यापूर्वी ती सर्वांना वाचता येतात का, याची खात्री करावी. दृष्टिबाधित विद्यार्थी मोबाईलवरच्या वाचकप्रणालीने मजकूर ऐकतात. स्कॅन केलेल्या पानाचे त्या प्रणालीला निव्वळ चित्र दिसते आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर निरर्थक अक्षरांसारखा ऐकू येतो, म्हणून टिपणे युनिकोडमध्येच टंकलिखित असावीत. लेखनिकाची गरज कोणाला आहे, हे वर्गासमोर न विचारता स्वतंत्रपणे विचारावे आणि दर तासामागे किमान 20 मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद अंतर्गत चाचणीतही पाळली जाईल, हे परीक्षा विभागाशी आधीच बोलून ठेवावे.

अंतर्गत मूल्यमापनाची गुणविभागणी अभ्यासक्रम पत्रिकेतून उतरवून घ्यावी आणि पहिल्या चाचणीची प्रश्नपत्रिका शिकवायला सुरुवात करण्यापूर्वीच तयार करावी. तसे केल्यावर कोणता भाग फळ्यावर सोडवून घ्यायचा आणि कोणता वाचायला दिला तरी चालेल, हे आपोआप ठरते. चाचणीच्या उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत परत देता येतील इतकीच ती लहान असावी. चौथ्या आठवड्यात विद्यार्थ्यांकडून नाव न लिहिता एक चिठ्ठी घ्यावी : काय समजले नाही, एवढाच प्रश्न. संख्यात्मक उदाहरणे फार भराभर होतात, अशी तक्रार मला जवळजवळ दरवर्षी मिळते.

किरकोळ बाबींत प्रोजेक्टरची वायर, वीज गेल्यास चालेल असा फळ्यावरचा पर्यायी आराखडा आणि शेवटच्या बाकावर स्वतः बसून पाहिलेला अक्षरांचा आकार येतो. संदर्भग्रंथाच्या दोनच प्रती असतील, तर त्या घरी न देता वाचनकक्षात राखून ठेवण्याची विनंती ग्रंथपालांना लेखी करावी.

तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते, हे आता गृहीत धरूनच चालावे लागते. तेव्हा त्यांच्या वाट्याला येणाऱ्या विषयाची एक पातळ फाईल विभागप्रमुखांनी आधीच करून ठेवावी, ज्यात अभ्यासक्रम पत्रिका, हजेरीपटाची प्रत, परिभाषेचा कागद, विद्यार्थ्यांनी भरून दिलेल्या माहितीचा गोषवारा आणि तोवर कोणता मुद्दा कोणत्या तारखेला शिकवून झाला याची नोंद असेल.