काउंटीनिहाय लोकसंख्यावाढीचा नकाशा कसा तयार करावा

२०१० ते २०२० या दशकात अमेरिकेची लोकसंख्या ७.४ टक्क्यांनी वाढली, तरी निम्म्याहून जास्त काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) माणसं कमीच झाली. तीन हजारांवर ओळींचा तक्ता चाळून हे लक्षात येत नाही, नकाशावर मात्र एका नजरेत दिसतं. त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर पुरे.

अमेरिकी सेन्सस ब्युरोच्या संकेतस्थळावरून २०१० आणि २०२० या दोन्ही जनगणनांची काउंटीनिहाय एकूण लोकसंख्या सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवून घ्या. काउंट्यांच्या सीमांची २०२० ची शेपफाइल, म्हणजे नकाशाचे आकार साठवणारी फाइलही तिथेच मिळते. सीएसव्हीत दुसरी ओळसुद्धा शीर्षकांचीच असते. ती काढून टाका, नाहीतर सगळे आकडे मजकूर म्हणून वाचले जातात.

आता सगळ्यात नाजूक काम, तक्त्यातली प्रत्येक ओळ नकाशातल्या तिच्या काउंटीशी जोडण्याचं. ही जोडणी नावावरून कधीच करू नका. वॉशिंग्टन नावाच्या काउंट्या कितीतरी राज्यांत आहेत. प्रत्येक काउंटीला फिप्स नावाचा पाच अंकी सरकारी कोड असतो: पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. लॉस एंजेलिसचा ०६०३७. एक्सेलमध्ये फाइल उघडली की सुरुवातीचं शून्य गळतं, ६०३७ उरतं आणि अख्खा कॅलिफोर्निया नकाशावर कोरा राहतो. म्हणून हा रकाना मजकूर स्वरूपातच ठेवा. उतरवलेल्या तक्त्यात कोडच्या आधी लांबलचक उपसर्ग असतो. त्यातले शेवटचे पाच अंक तेवढे घ्या.

तरीही एखादी काउंटी कोरी दिसली, तर कोड बदललाय का ते पाहा. साउथ डकोटातली शॅनन काउंटी २०१५ मध्ये ओग्लाला लकोटा झाली आणि तिचा कोड ४६११३ चा ४६१०२ झाला. अशा ओळी हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

मग नवा रकाना करा: २०२० च्या आकड्यातून २०१० चा वजा करा, २०१० च्या आकड्याने भागा, शंभराने गुणा. रंग देताना शून्य मध्यभागी ठेवा. घट एका रंगात, वाढ दुसऱ्या. क्यूजीआयएस रंगांसाठी आकड्यांचे आपणहून पाडतं ते वर्ग मी तरी तसेच ठेवत नाही. त्यात घट आणि वाढ एकाच वर्गात येऊ शकतात, मग नकाशा खोटं बोलतो.

टक्केवारीवरही पूर्ण भिस्त नको. टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत ८२ चे ६४ झाले. नकाशावर ती २२ टक्क्यांची गडद घट दिसते, पण माणसं गेली अठराच. ॲरिझोनातली मॅरिकोपा १५.८ टक्क्यांनी वाढली, म्हणजे सहा लाखांहून जास्त माणसं. त्यामुळे प्रत्यक्ष वाढीचा दुसरा नकाशा वर्तुळांनी काढून शेजारी ठेवाच.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, समक्षेत्र अल्बर्स घ्या; त्यात क्षेत्रफळांचं प्रमाण टिकतं. अलास्का आणि हवाई वेगळ्या चौकटीत बसवा.

शेवटी नॉर्थ डकोटातल्या मॅकेन्झी काउंटीवर क्लिक करा. तेलाच्या भरभराटीत तिथली वस्ती ६,३६० वरून १४,७०४ वर गेली. तुमच्या रकान्यात १३१.२ आलं पाहिजे.