कंबरदुखीत स्नायूंची सोनोग्राफी: या चुका टाळा

पडद्यावर एका बाजूचा मल्टिफिडस (कण्याला लागून असलेला कंबरेचा खोल स्नायू) बारीक दिसला की 'स्नायू वाळला' असं लिहून मोकळे होऊ नका. आधी स्वतःचा हात तपासा, मग स्नायू. या तपासणीतले कित्येक मिलिमीटर रुग्णाचे नसतात, प्रोब (अंगावर टेकवायचा सोनोग्राफीचा दांडा) धरणाऱ्याचे असतात.

सगळ्यात मोठा घोटाळा मणका चुकल्याने होतो. मल्टिफिडस खाली जाताना भरत जातो. त्यामुळे डावीकडे एल४ (कंबरेचा चौथा मणका) आणि उजवीकडे एल५ (पाचवा) यांच्या पातळीवर मोजला, तर फरक दिसणारच! नुसतं बोटांनी चाचपून खूण करणं पुरत नाही. कर्व्ह्ड (वक्र तोंडाचा) प्रोब उभा धरा, त्रिकास्थीपासून (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड) एकेक पातळी मोजत वर या. फॅसेट सांध्याचा (दोन मणक्यांना मागून जोडणारा छोटा सांधा) उंचवटा स्पष्ट दिसला, की त्याच्या टोकापासून त्वचेखालच्या चरबीलगतच्या फॅसियापर्यंतची (स्नायूवरचं पातळ आवरण) जाडी घ्या. रुग्ण पालथा, पोटाखाली उशी, कंबरेचा बाक जवळपास सपाट. पुढच्या वेळी उशी बदलली तर तुलना तिथेच फसते.

पोटाच्या बाजूने ट्रान्सव्हर्सस ॲब्डोमिनिस (पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू) पाहताना चूक वेगळी असते: दाब. चित्र नीट यावं म्हणून आपण नकळत प्रोब रुतवतो आणि स्नायू चपटा होतो. भरपूर जेल लावा, प्रोब अलगद टेकवा. माप संथ श्वास सोडून झाल्यावर घ्या. 'पोट आत घ्या' म्हटल्यावर बरेच जण श्वासच कोंडतात; तेव्हाचा आकडा सोडून द्या.

स्नायू पांढुरका दिसला म्हणजे चरबी साठली, हा निष्कर्षही घाईचा. गेन (चित्राचा उजळपणा ठरवणारं सेटिंग) वाढवला किंवा प्रोब जरासा कलला तरी रंग बदलतो. सेटिंग एकदा ठरवा आणि तेच ठेवा.

आणि जाडी म्हणजे ताकद नव्हे. हलक्या आकुंचनात जाडी झपाट्याने वाढते, पुढे जोर वाढला तरी ती फारशी वाढत नाही.

फरक किती झाला की दखल घ्यायची? फिजिओथेरपी संशोधक ज्युली हाइड्स यांच्या १९९४ च्या अभ्यासात, नव्याने एका बाजूची कंबर दुखणाऱ्यांमध्ये दोन बाजूंच्या मल्टिफिडसच्या आकारात सरासरी सुमारे ३१ टक्के तफावत होती, निरोगी लोकांत सुमारे ३ टक्के. म्हणजे चार-पाच टक्क्यांवरून रुग्णाला घाबरवण्यात अर्थ नाही. दुखणं दोन्हीकडे आणि जुनं असेल तर मात्र डावं-उजवं पाहणंच फसवं, कारण दोन्ही बाजू घटलेल्या असू शकतात. शिवाय दुखण्याचं मूळ या चित्रात शोधू नका. मणक्यांमधली सरकलेली चकती किंवा दबलेली नस इथे कळत नाही.

आकडे जुळत नसतील तर प्रोब पूर्ण उचला, पुन्हा ठेवा, असं तीनदा करून सरासरी घ्या. फ्रीझ केलेल्या एकाच चित्रावर तीनदा कॅलिपर (पडद्यावर अंतर मोजण्याच्या खुणा) फिरवणं म्हणजे तीन मापं नव्हेत. एकाच बाजूची तीन मापं आपापसात जुळली नाहीत, तर दोन बाजूंची तुलना त्या दिवशी करूच नका.